मग तू काय केलंस?

या दिवाळीत भावाकडे पुण्याला गेले होते. फराळ झाला, गप्पा झाल्या, आणि सवयीप्रमाणे मी लॅपटॉप उघडून माझं रोजचं चित्र काढायला बसले. भाची मागे येऊन उभी राहिली. थोडा वेळ बघत होती, मग म्हणाली, "अगं आत्या, हल्ली एक वाक्य लिहिलं की असली दहा चित्रं मिनिटात मिळतात. तू रोज अर्धा-अर्धा तास काय करत असतेस?"

मला हसूच आलं. कारण हाच प्रश्न मला शिरूरला आईनं विचारला होता, २००३ साली. मी नवीन घेतलेल्या कलर प्रिंटरवर एक चित्र छापून मोठ्या कौतुकानं तिला दाखवायला नेलं होतं. तिनं चष्मा लावून ते नीट पाहिलं, उलटं धरून पाहिलं, आणि विचारलं, "हे कुणी काढलं?"

"कॉम्प्युटरनं."

"नक्षी कुणाची?"

"एका सूत्राची. गणिताची."

"बरं. मग तू काय केलंस?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. गणिताची शिक्षिका असून देता आलं नाही. काहीतरी "सेटिंग करावं लागतं" असं पुटपुटले आणि चहा ठेवायला आत गेले. आज मात्र वाटतं की या प्रश्नाचं उत्तर या चित्रांच्या इतिहासातच आहे. म्हणून तो इतिहास, मला समजला तसा, इथे लिहून ठेवते.

आधी फ्रॅक्टल म्हणजे काय ते थोडक्यात. माझं माहेर शिरूर, म्हणजे जुन्या लोकांचं घोडनदी. सासर दौंड. एक गाव घोडेच्या काठावर, दुसरं भीमेच्या. नकाशात भीमा पाहिली तर भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड अशा नद्या तिला येऊन मिळताना दिसतात, झाडाच्या फांद्यांसारख्या. आता त्यातली फक्त घोड घ्या. तिलाही मीना आणि कुकडी तशाच मिळतात. कुकडीकडे जवळून पाहिलं तर तिला मिळणारे ओढे तसेच, आणि पहिल्या पावसानंतर शेताच्या बांधावरून ओघळ वाहतात त्यांचं चित्रही तसंच! फोटोशेजारी माणूस किंवा झाड नसेल तर ही नदी आहे की वीतभर ओघळ आहे ते सांगता येत नाही. लहान भाग मोठ्या आकारासारखा, त्याचा लहान भाग पुन्हा त्याच्यासारखा. असा आकार म्हणजे फ्रॅक्टल. फ्लॉवरचा गड्डा चिरताना हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे, फक्त लक्ष दिलेलं नाही.

गणितवाल्यांना असे आकार फार पूर्वी भेटले, पण ते त्यांना आवडले नाहीत. १९०४ साली स्वीडनच्या हेल्गे फॉन कॉखनं एक रेषा मांडली. तिच्या प्रत्येक तुकड्याच्या मधल्या तिसऱ्या भागावर त्रिकोणाचं टोक काढायचं, मग नव्या प्रत्येक तुकड्यावर पुन्हा तेच, असं न थांबता. त्या रेषेची लांबी अनंत होते आणि तिला कुठेच स्पर्शिका काढता येत नाही. १९१५ साली पोलंडच्या सिरपिन्स्कीनं एक त्रिकोण दाखवला. मधला उलटा त्रिकोण कापून टाकायचा, उरलेल्या तिघांचे मधले कापायचे, परत कापायचे. त्या काळच्या लोकांनी असल्या आकारांना चक्क राक्षस म्हटलं आणि कपाटात बंद करून ठेवलं.

आमच्या गोष्टीचा खरा नायक त्याच सुमारास एका इस्पितळात पडलेला होता. गास्तों ज्युलिया हा फ्रेंच तरुण पहिल्या महायुद्धात जानेवारी १९१५ मध्ये जबर जखमी झाला. त्याचं नाकच गेलं. पुढे जन्मभर तो चेहऱ्यावर कातड्याची पट्टी बांधून वावरला. शस्त्रक्रिया चालू असतानाच त्यानं गणित केलं आणि १९१८ साली जवळजवळ दोनशे पानांचा एक निबंध छापला. प्रश्न दिसायला अगदी साधा होता. एक सूत्र घ्या, त्यात एक संख्या घाला, जे उत्तर येईल ते परत त्याच सूत्रात घाला, परत, परत... शेवटी काय होतं? त्याच वेळी पॅरिसच्या वेधशाळेतला पिएर फातू स्वतंत्रपणे हेच काम करत होता. दोघांना कळलं होतं की काही संख्या भडकत जातात, काही आटोक्यात राहतात, आणि दोघींमधली सीमारेषा विलक्षण गुंतागुंतीची असते.

गंमत अशी की या दोघांनीही ती रेषा कधी पाहिली नाही. एकेक बिंदूसाठी शेकडो गुणाकार, आणि चित्राला लाखो बिंदू. हातानं कोण करणार? आज आपण ज्यांना ज्युलिया संच म्हणतो, ती चित्रं ज्युलियानं फक्त मनात पाहिली असतील. मला हे आठवलं की माझ्या तक्रारी ("अजून पन्नास टक्केच झालंय!") जरा कमी होतात.

पुढची साठ वर्षं हे प्रकरण जवळपास झोपलं. जागं केलं ते बेन्वा मँडेलब्रॉट यांनी. जन्म १९२४, वॉर्सा. १९३६ साली कुटुंब फ्रान्सला आलं. काका मोठे गणिती, त्यांनी पुतण्याला ज्युलियाचा निबंध वाचायला दिला होता. पुतण्याला तेव्हा तो मुळीच आवडला नाही. पुढे पॅरिसला शिकताना खुद्द ज्युलिया त्याचे शिक्षक होते, तरी नाही. १९५८ साली ते अमेरिकेत आयबीएममध्ये गेले आणि तिथे भलतेच विषय हाताळत बसले. कापसाच्या भावातले चढउतार, टेलिफोनच्या तारेतली खरखर, ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी. या शेवटच्या विषयावरचा त्यांचा लेख १९६७ चा. मोजायची पट्टी जितकी लहान, तितका किनारा लांब! कोकणचा नकाशा डोळ्यांपुढे आणा, पटेल. या सगळ्या विषयांत त्यांना एकच गोष्ट दिसत होती, लहानात मोठ्याचीच नक्कल. १९७५ साली त्यांनी तिला नाव दिलं. मुलाचा लॅटिन शब्दकोश चाळताना 'तुटलेला' अशा अर्थाचा शब्द सापडला, त्यावरून फ्रॅक्टल.

मग १९८० च्या सुमारास त्यांनी काकांचा तो जुना निबंध परत उघडला. आता हाताशी आयबीएमचा कॉम्प्युटर होता.

इथे थोडं गणित करू या. घाबरू नका, भाजीवाल्याकडच्या कॅल्क्युलेटरवर होईल इतकंच आहे. एक संख्या मनात धरा, तिला 'क' म्हणू. शून्यापासून सुरुवात. नियम एकच: हातातल्या संख्येचा वर्ग करा आणि त्यात क मिळवा. क जर १ असेल तर १, २, ५, २६... तिसऱ्याच पायरीला २ च्या पुढे, म्हणजे गेली कामातून. एकदा २ ओलांडला की ती परत येत नाही हे सिद्ध करता येतं. क जर उणे १ असेल तर उणे १, ०, उणे १, ०, अशी ती जन्मभर झोके घेत बसते. क ०.३ असेल तर ०.३, ०.३९, ०.४५२१... अगदी शहाण्यासारखी हळूहळू चालते, पण बाराव्या पायरीला २ च्या पलीकडे. आणि क बरोबर ०.२५ असेल तर ती ०.५ च्या जवळजवळ जात राहते, पण तिथवर कधीच पोचत नाही.

प्रत्यक्षात क ही साधी संख्या नसून कागदावरचा एक बिंदू असतो (आडवा आकडा आणि उभा आकडा), पण नियम हाच. जे बिंदू कधीच पळून जात नाहीत त्यांचा मिळून मँडेलब्रॉट संच. आडवा बदाम, त्याला चिकटलेलं वर्तुळ, त्यांच्या कडेनं असंख्य गाठी, आणि त्या गाठींना पुन्हा गाठी.

खरं तर त्यांच्याआधी, १९७८ साली, रॉबर्ट ब्रुक्स आणि पीटर मॅटेल्स्की या दोघांनी हाच आकार काढला होता. नुसत्या टाइप केलेल्या चांदण्यांनी! ठिपके ठिपके मांडून. माझ्या आईला ते चित्र नक्की आवडलं असतं. मँडेलब्रॉट यांच्या चित्रातही मुख्य आकारापासून सुटे, धुळीच्या कणांसारखे बारीक ठिपके दिसत होते. ते ठिपके म्हणजे संपूर्ण आकाराच्या चिमुकल्या प्रती होत्या. पण असं सांगतात की निबंध छापताना छापखान्यातल्या कुणीतरी तो कचरा समजून स्वच्छ पुसून टाकला. पुढे १९८२ साली दुआदी आणि हबर्ड या दोघांनी सिद्ध केलं की ते ठिपके सुटे नाहीतच. अतिशय बारीक धाग्यांनी सगळं एकमेकांना जोडलेलं आहे. मँडेलब्रॉट यांचं नाव या संचाला त्यांनीच दिलं.

आता मूळ मुद्द्यावर येते. इथवरची सगळी चित्रं काळी-पांढरी होती. बिंदू संचात आहे, काळा. नाही, पांढरा. मग आपण कॅलेंडरवर आणि वह्यांच्या कव्हरवर पाहतो ते जांभळे-केशरी पिसारे आले कुठून?

ते बाहेरच्या बिंदूंचे असतात. जे पळून गेले त्यांचे. कोण तिसऱ्या पायरीला गेला, कोण बाराव्या, कोण पाचशेव्या, हे मोजायचं आणि प्रत्येक आकड्याला एकेक रंग द्यायचा. पण तीनला कोणता? बाराला कोणता? हे गणित सांगत नाही. कुठल्याच सूत्रात ते लिहिलेलं नाही. जर्मनीत ब्रेमेन विद्यापीठातल्या पाइटगेन आणि रिश्टर यांच्या मंडळींनी हे रंग इतक्या रसिकतेनं भरले की त्या चित्रांची प्रदर्शनं जगभर फिरली आणि १९८६ साली त्यांचं देखणं पुस्तक निघालं. त्याआधी ऑगस्ट १९८५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'च्या मुखपृष्ठावर हा संच झळकला होता. आत ड्युडनी यांनी घरच्या कॉम्प्युटरवर तो कसा काढायचा ते सांगितलं होतं. तिथून ही गोष्ट प्राध्यापकांच्या हातून सुटली आणि आमच्यासारख्या हौशी लोकांच्या हाती आली.

घरच्या कॉम्प्युटरवर म्हणजे काय, तर एक चित्र लावून झोपायचं आणि सकाळी उठून बघायचं. त्यावर १९८८ साली बर्ट टायलर नावाच्या गृहस्थानं तोड काढली. दशांश चिन्हांचे गुणाकार त्या काळच्या मशीनला जड जात, म्हणून त्यानं सगळं पूर्णांकात बसवलं. हाच पुढे फ्रॅक्टिंट नावाचा प्रोग्राम झाला. तो फुकट होता, त्याचा सोर्सही खुला होता, आणि जगभरातल्या लोकांनी त्यात आपापली भर घातली. दगडाच्या सूपची गोष्ट आहे ना, पाहुणा नुसता दगड उकळत ठेवतो आणि गावातला प्रत्येकजण त्यात काहीतरी आणून टाकतो, त्यावरून या मंडळींनी स्वतःचं नावच 'स्टोन सूप ग्रुप' ठेवलं होतं. पैसे नकोत, कौतुक केलंत तरी पुरे, असं त्यांनी लिहूनच ठेवलं होतं.

मी तो पहिल्यांदा पाहिला १९९३ साली, पुण्यात, एका मैत्रिणीच्या भावाच्या ३८६ वर. फ्लॉपीवर कुणाकडून तरी आलेला. एफ-३ दाबलं की ३२० बाय २०० ठिपके आणि २५६ रंग. ठिपक्यांचा हिशोब ऐकून मला तेव्हाच शिरूरचं अंगण आठवलं होतं, पण ते बोलून दाखवलं नाही, हसतील म्हणून. मग त्यानं सी दाबलं आणि सगळे रंग वाहायला लागले. आकार तसूभर हलत नव्हता, फक्त रंग फिरत होते, आणि तरी क्षणाक्षणाला चित्र वेगळं दिसत होतं. मी अडीच तास तिथून हलले नाही. शेवटची बस चुकली.

लग्न होऊन दौंडला आले, नोकरी लागली, १९९९ मध्ये घरी कॉम्प्युटर आला आणि २००१ पासून रोज एक चित्र, असा नेम धरला. सकाळी साडेपाच ते सहा. त्या वर्षांत आमच्याकडे भारनियमन काय होतं ते दौंड-शिरूरच्या मंडळींना सांगायला नको. मोठं चित्र रात्रभर लावून ठेवावं आणि पहाटे चारला वीज जावी, हे इतक्या वेळा झालं की मी छोट्याच चित्रांवर समाधान मानायला शिकले. त्यानंतर ही मंडळी खूप पुढे गेली. १९९६ साली आलेल्या एक्सओएसमध्ये सिनेमासारखं आत आत शिरता यायला लागलं. अल्ट्रा फ्रॅक्टलमध्ये थरावर थर चढवता येतात. २००९ साली मँडेलबल्ब नावाचा त्रिमिती आकार आला. २०१३ च्या सुमारास के. आय. मार्टिन यांनी अशी युक्ती काढली की पूर्वी काही दिवस लागायचे इतक्या खोलवरचं चित्र काही मिनिटांत मिळू लागलं. तरी रोज बसून मी करते ते तेच. वीस मिनिटं फिरून एखादी जागा शोधायची आणि मग रंग भरायचे.

आणि हौशी माणसालाही कधी घबाड मिळतं बरं का. १९९१ साली डेव्ह बॉल नावाचा कॉम्प्युटरचा एक विद्यार्थी असाच खेळत होता. वरच्या गणितात ०.२५ ला संख्या कधीच पळत नाही, मग त्याच्या किंचित पुढे गेलं तर किती पायऱ्या लागतात, असं त्यानं मोजून पाहिलं. ०.२६ ला ३०. ०.२५०१ ला ३१२. ०.२५०००१ ला ३१४०. काही ओळखीचं दिसतंय? पाय! ३.१४! वर्तुळाचा इथे काही संबंध नसताना. २००१ साली ॲरन क्लेबनॉफ यांनी याची सिद्धता छापली. दरवर्षी नववीच्या वर्गात मी हे फळ्यावर करून दाखवते. एरवी मागच्या बाकावर झोपणारी पोरंसुद्धा त्या दिवशी मान वर करतात.

पण आईचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता.

आई रोज सडा घालून ठिपक्यांची रांगोळी काढायची. शिरूरच्या आमच्या वाड्याचं अंगण ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवत असेल. आधी गेरूचा चौकोन. मग उदबत्तीनं भोकं पाडलेला कागद ठेवून त्यावरून रांगोळीचा हात फिरवायचा की ठिपके तयार. पंधरा ते आठ, तेरा ते सात. मग रेघा, मग रंग. दुपारपर्यंत कोंबड्या, पोरं आणि सायकली मिळून तिचा निकाल लावत. दुसऱ्या दिवशी नवी.

या विषयावर शोधाशोध करताना मला दोन गोष्टी सापडल्या. एक मद्रासची. तिथल्या गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ साली एक निबंध लिहिला. तिकडच्या बायका दारात कोलम काढतात, त्यांच्या नियमांचं त्यांनी भाषेसारखं व्याकरण मांडलं, कॉम्प्युटरला समजेल असं. काही कोलम तर असे की लहान नक्षीच्या चार प्रती जोडून पुढची मोठी नक्षी होते, म्हणजे सरळसरळ फ्रॅक्टलच. दुसरी आपल्या मुंबईची. आयआयटीतल्या कीर्ती त्रिवेदी यांनी १९८९ साली दाखवलं की आपल्या देवळांची शिखरं याच रीतीनं बांधली आहेत. शिखराच्या अंगावर त्याच शिखराच्या लहान प्रती, त्यांच्यावर आणखी लहान. सिन्नरच्या गोंदेश्वराला गेलात तर जरा लांब उभं राहून वर बघा. १०६० सालचं अंबरनाथचं देऊळही त्याच भूमिज पद्धतीचं, फक्त त्याचं शिखर पडझडीतून थोडंच उरलंय. शब्द नव्हता, पण डोळा होता.

आईची रांगोळी मात्र फ्रॅक्टल नव्हती, उगाच ओढूनताणून म्हणणार नाही. म्हणून मी २००४ च्या दिवाळीत तिला एक काढायला लावली. आपल्याकडे मेरुप्रस्तार म्हणतात तो संख्यांचा त्रिकोण, दहाव्या शतकात हलायुधानं पिंगलाच्या छंदशास्त्रावरच्या टीकेत सांगितलेला. वरती १, खाली १ १, मग १ २ १, मग १ ३ ३ १. त्यातल्या विषम संख्या रंगवल्या आणि सम सोडल्या की सिरपिन्स्कीचा त्रिकोण तयार होतो. आईला संख्या सांगायची गरजच नव्हती. सोळा ओळींचा त्रिकोण, एकूण १३६ ठिपके. कडेचे सगळे रंगवायचे. आतल्या ठिपक्यासाठी नियम एकच: वरच्या दोन ठिपक्यांपैकी एकच रंगवलेला असेल तर हा रंगव, नाहीतर सोड.

आईनं ओणवं होऊन सुरुवात केली. नवव्या ओळीला तिच्याकडून आतला एक ठिपका चुकून भरला गेला. मी काही बोलले नाही. दोन ओळी खाली गेल्यावर ती थांबली. "अगं, हे मिटत नाहीये. वर कुठंतरी चुकलंय." वर जाऊन नेमका तोच ठिपका तिनं पुसला, खालच्या दोन ओळी परत केल्या, आणि पुढे गेली. नववी ओळ म्हणजे काय, सम-विषम म्हणजे काय, तिला यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

सोळावी ओळ झाली तेव्हा १३६ पैकी ८१ ठिपके भरलेले होते आणि त्रिकोणात त्रिकोण, त्यात त्रिकोण असा सगळा पट अंगणात उमटला होता. आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मला वाटलं आता म्हणेल, वा! ती म्हणाली, "नक्षी आपसूक आली. आता खरं काम." आणि रंगांचे डबे घेऊन बसली. पुढचा दीड तास. वरच्या त्रिकोणाला डाळिंबी, डावीकडे मोरपंखी आणि उजवीकडे... उजवीकडे काय होतं ते मला आठवत नाही.

हे मला आठवत नाही, याचं मला किती वाईट वाटतं ते आता सांगते.

२००७ साली माझी हार्ड डिस्क गेली. सहा वर्षांची रोजची चित्रं, सगळी. पुण्याला एकाकडे दुरुस्तीला दिली, पैसे गेले, चित्रं काही आली नाहीत. पण मला एक चांगली सवय होती. प्रत्येक चित्राची जागा, म्हणजे आडवा आकडा, उभा आकडा आणि किती पटीनं मोठं केलं ते, मी वहीत लिहून ठेवत असे. म्हटलं काही बिघडलं नाही. नव्या डिस्कवर एकेक आकडे घातले आणि आकार हुबेहूब परत आले. शेवटच्या गाठीपर्यंत. ते येणारच होते. मी नसते तरी ते तिथेच असते, फ्रान्समध्ये कुणी घातले असते तरी हेच आले असते.

रंग आले नाहीत. रंगांची प्रत्येक यादी म्हणजे २५६ ओळी आणि प्रत्येक ओळीत तीन आकडे. ते वहीत कोण लिहिणार? पहिली काही चित्रं आठवून आठवून रंगवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. त्या दिवशी सकाळी साडेपाचला कोणता रंग हातात आला, तो का आला, ते त्या दिवसाबरोबर गेलं. तेव्हा मला आईच्या प्रश्नाचं उत्तर कळलं. जे परत आलं नाही, तेवढंच माझं होतं.

मी शिरूरला जाऊन तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग? तुला काय वाटलं?" आणि शेंगा सोलायला लागली.

२००९ मध्ये वाडा पडला आणि तिथे इमारत झाली. आई फ्लॅटच्या दारात एका फरशीएवढी रांगोळी काढायची, तीही तक्रार न करता. २०१४ साली ती गेली. तिची रांगोळीची वही माझ्याकडे दौंडला आहे. दोनशे पानी, गुणगुणीत पेन्सिलनं भरलेली. ठिपके किती ते कशी मांडणी ते सगळं लिहिलंय, रेघा काढल्यात. त्यातली कोणतीही रांगोळी मी उद्या सकाळी जशीच्या तशी काढू शकते. रंग मात्र कुठेच लिहिलेले नाहीत. फक्त एका पानावर, कमळाच्या शेजारी, बारीक अक्षरात आहे, "इथे पिवळा नको."

भाचीला मी हे सगळं सांगत बसले नाही. तिच्यापुढे कागद ठेवला, १३६ ठिपके काढून दिले आणि नियम सांगितला. सहाव्या ओळीला चुकली, चिडली, परत केलं. मग पोरीनं रंगपेटी मागितली. कोणते रंग भरले ते मी या वेळी मात्र लिहून ठेवलंय.

तर आता नातेवाईकांना एक विनंती. आपल्या वाड्यातल्या दिवाळीचे, मुंजी-लग्नांचे रंगीत फोटो कुणाकडे ना कुणाकडे असतीलच. आमच्याकडचे बहुतेक काळे-पांढरे आहेत, आणि फोटो काढणाऱ्याचं सगळं लक्ष माणसांच्या चेहऱ्यांकडे. पण पुढच्या रांगेतल्या लोकांच्या पायाशी कुठेतरी रांगोळीचा कोपरा आला असेल. असा फोटो सापडला तर मला नक्की पाठवा. रांगोळी अर्धी कापली गेली असली तरी चालेल. आकार मी वहीवरून पुरा करीन.